अमेरिकेत नवरा-बायको, मुलं, आई-बाबा, भावंडं बोलवायचीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये, कुणाच्या बारशाला, नाहीतर रात्री उशिरा येणाऱ्या व्हॉट्सॲप कॉलवर, प्रश्न तेच असतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. हे फक्त अमेरिकेबद्दल आहे, कॅनडा, यूके, ऑस्ट्रेलियाचे नियम पूर्ण वेगळे. मी वकील नाही, पण घरच्यांच्या आणि मैत्रिणींच्या फायली वर्षानुवर्षं भरून दिल्यात. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते कारण खाली तीच परत परत येणार आहे: फॉर्म भरणं जमतं हो सगळ्यांना, घोळ होतो तो तारखांच्या क्रमात. लग्न आधी की सिटिझनशिप आधी, मुलगा २१ चा कधी होतो, ह्यावर सगळं ठरतं, तेव्हा मुहूर्त काढायच्या आधी हे एकदा वाचा.

अमेरिकेत कोण कोणाला बोलावू शकतं?

सिटिझन असाल तर नवरा किंवा बायको, मुलं (लहान, मोठी, लग्न झालेलीसुद्धा), आई-वडील आणि सख्खी किंवा सावत्र भावंडं. आई-वडील आणि भावंडांसाठी तुमचं वय २१ पूर्ण हवं. ग्रीन कार्डवर असाल तर फक्त नवरा किंवा बायको आणि लग्न न झालेली मुलं, बस. ग्रीन कार्डवर आई-वडिलांना बोलावता येत नाही, हे ऐकून दर वेळी कोणीतरी गप्प होतं पण नियम तसाच आहे.

आणि आजी, मामा, काकू, सासू-सासरे?

त्यांच्यासाठी कॅटेगरीच नाही. सासू-सासऱ्यांसाठी सुनेला किंवा जावयाला अर्ज करता येत नाही, त्यांच्या स्वतःच्या मुलाने किंवा मुलीने सिटिझन होऊन करायचा. आजीला आधी आई-बाबांनी आणायचं, मग पुढचं.

काहींना वर्षभरात व्हिसा मिळतो आणि काही वीस वर्षं थांबतात, असं का?

सिटिझनचा नवरा किंवा बायको, २१ च्या आतली लग्न न झालेली मुलं आणि आई-वडील यांना आकड्याची मर्यादा नाही, जो वेळ जातो तो फाइल तपासण्यात जातो. बाकी सगळ्यांसाठी कोटा आहे. १९६५ च्या कायद्यापासून ही चौकट चालत आलीय आणि आताच्या हिशोबात फॅमिली प्रेफरन्सचे (म्हणजे ह्या कोट्यातल्या नातेवाईकांचे) वर्षाला साधारण २,२६,००० व्हिसा, त्यात भावंडांच्या वाट्याला ६५,०००, आणि वर कोणत्याही एका देशाला एकूण ७ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. भारत आणि एखादा टिचभर देश, दोघांना मर्यादा तीच. म्हणून आपली रांग एवढी लांब.

रांगेतला तुमचा नंबर म्हणजे प्रायॉरिटी डेट, म्हणजे तुमच्यासाठी नातेवाईकाने भरलेला आय-१३० फॉर्म (नातं दाखवून बोलवायचा अर्ज) अमेरिकन इमिग्रेशन खात्याकडे पोचला ती तारीख. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन निघतं त्यात कुठल्या तारखेपर्यंत आलेत ते बघायचं.

नवरा एच-१बी वर आहे. लग्नानंतर मी कशी जाणार?

एच-४ वर, म्हणजे एच-१बी ह्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या नवरा-बायको-मुलांच्या व्हिसावर, ज्याचा ह्या रांगेशी संबंध नाही. लग्नाचं सर्टिफिकेट, त्याचे एच-१बी चे कागद, पगाराच्या स्लिपा, तुमचा अर्ज, इंटरव्ह्यू. अडचण पुढे येते, एच-४ वर नोकरी करता येत नाही. मे २०१५ पासून एच-४ वाल्यांना वर्क परमिट मिळतं पण त्यासाठी नवऱ्याचं आय-१४० (कंपनीने त्याच्या ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज) मंजूर झालेलं हवं किंवा त्याच्या एच-१बी ला सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळालेली हवी. पत्रिका जुळते का बघता ना, तसंच बघण्याच्या कार्यक्रमातच सरळ विचारा की ग्रीन कार्डची फाइल कुठपर्यंत आलीय, आय-१४० झालंय का. हे विचारण्यात काही वावगं नाही. चांगल्या शिकलेल्या, पुण्यात टीम सांभाळणाऱ्या मुली इथे येऊन तीन-तीन वर्षं घरात बसतात आणि आधी कोणी सांगितलंच नाही म्हणतात तेव्हा फार वाईट वाटतं.

नवऱ्याकडे ग्रीन कार्ड आहे, तो वर्षभरात सिटिझन होईल. तोपर्यंत थांबायचं का?

थांबू नका, आत्ताच आय-१३० टाका. ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोला (एफ-२ए कॅटेगरी) अलीकडे दोन-तीन वर्षं लागताहेत, पण तो मध्येच सिटिझन झाला की तुमची तीच फाइल बिनकोट्याच्या रांगेत जाते, फक्त नॅचरलायझेशन सर्टिफिकेटची (सिटिझन झाल्याच्या दाखल्याची) कॉपी पाठवून कळवायचं.

एक खाचखळगा मात्र आहे आणि तो भल्याभल्यांना माहीत नसतो. एफ-२ए मध्ये बायकोच्या अर्जावरच लहान मुलंही येतात. सिटिझनच्या अर्जावर तसं होत नाही, प्रत्येक मुलासाठी वेगळा आय-१३० लागतो. म्हणजे नवरा सिटिझन झाला, सगळे पेढे वाटतायत, आणि बायकोचा व्हिसा येतो पण मुलाचं नाव कशातच नाही. मूल असेल तर पहिल्याच दिवशी त्याचाही वेगळा अर्ज टाकून ठेवा.

लग्न झालं, नवरा सिटिझन आहे. आता स्टेप बाय स्टेप सांगा.

तो इथून आय-१३० भरतो, एप्रिल २०२४ पासूनची फी ऑनलाइन ६२५ डॉलर, कागदावर ६७५. मंजूर झालं की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते, तिथे ३२५ डॉलर व्हिसाची फी आणि १२० डॉलर स्पॉन्सरचे कागद तपासायची फी. मग तुम्ही डीएस-२६० (इमिग्रंट व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) भरायचा, कागद स्कॅन करून चढवायचे, पासपोर्ट ऑफिसकडून पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) काढायचं. सगळं बरोबर आहे असा निरोप आला की इंटरव्ह्यूची तारीख मिळते. त्याआधी ठरवून दिलेल्या डॉक्टरकडेच मेडिकल. छातीच्या एक्सरेत जुना टीबी दिसला तर थुंकीचं कल्चर करायला लावतात आणि त्याला आठेक आठवडे जातात, म्हणून मेडिकल झाल्याशिवाय तिकीट काढू नका आणि नोकरीचा राजीनामा तर अजिबात देऊ नका.

पैसे भरायच्या आधी फीचा आकडा सरकारी साईटवर त्याच दिवशी बघा, बदलत असतो.

आत शिरताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर दोन वर्षांचं कंडिशनल (अटीवरचं) ग्रीन कार्ड मिळतं, ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत ती अट काढायचा फॉर्म आय-७५१ भरावाच लागतो. लग्नाचा दुसरा वाढदिवस तोंडावर आला असेल आणि व्हिसाची मुदत असेल तर विमान चार दिवस पुढे ढकला, सरळ दहा वर्षांचं कार्ड मिळतं आणि तो फॉर्म वाचतो.

लग्नाचं सर्टिफिकेट कुठलं चालतं? कार्यालयाने दिलंय ते?

मंगल कार्यालयाचं, गुरुजींनी सही केलेलं, हे सगळं फोटोच्या अल्बममध्ये ठेवा. लागतं ते सरकारी. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंदणी होते, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही लागते, तेव्हा गुरुजींना दक्षिणा देतानाच त्यांचं आधार आणि फोन घेऊन ठेवा, नंतर शोधत बसावं लागतं. रजिस्टर लग्न करणार असाल तर १९५४ च्या स्पेशल मॅरेज ॲक्टमध्ये ३० दिवसांची नोटीस आहे, मुलगा तीन आठवड्यांच्या सुट्टीवर येणार असेल तर ते गणित बसत नाही, नोटीस आधीच्या फेरीत द्यावी लागते. गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारकडे पोर्तुगीज काळापासूनची पद्धत, दोनदा जाऊन सह्या करायच्या, दुसरी सही झाल्याशिवाय नोंद पूर्ण होत नाही.

दोघांपैकी कोणाचं आधी लग्न झालेलं असेल तर कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूमनामा. नोटरीपुढे स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलेली सोडचिठ्ठी घेऊन लोक इंटरव्ह्यूला जातात आणि अडकतात.

माझं नाव प्रत्येक कागदावर वेगळं आहे, काय करू?

हा खास आपला प्रश्न आहे. समजा, लग्नाआधी अनघा दत्तात्रय, लग्नानंतर अनघा मंदार, आडनाव बदललं, आणि सासरी ताम्हणात तांदळावर अंगठीने नाव लिहिलं ते मृण्मयी. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, लग्नाच्या सर्टिफिकेटवर तिसरं. अमेरिकन ऑफिसरला ही तीन वेगळी माणसं दिसतात.

माझं मत स्पष्ट आहे, व्हिसा हातात येईपर्यंत पासपोर्टवरचं माहेरचं नाव तसंच ठेवा. अर्जाला नवीन नाव लागत नाही, लग्न झाल्याचा पुरावा लागतो. घरात हौस असेल तर घरात हाक मारा की मृण्मयी म्हणून. आणि आधीच बदललं असेल तर मग अर्धवट सोडू नका, गॅझेट, पॅन, आधार, पासपोर्ट सगळं एकसारखं करा, आणि फॉर्मवर 'आधी वापरलेली नावं' असा रकाना असतो त्यात झाडून सगळी नावं लिहा. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बहुतेक वेळा गिव्हन नेममध्येच चिकटलेलं असतं, फॉर्ममध्ये ते तसंच्या तसं उतरवा, स्वतःच्या मनाने मिडल नेम तोडू नका.

लग्नाआधीच बोलावता येतं का?

येतं, के-१ वर (लग्न ठरलेल्यांचा व्हिसा), पण फक्त सिटिझनला. गेल्या दोन वर्षांत दोघं प्रत्यक्ष भेटलेले हवेत आणि इथे आल्यावर ९० दिवसांत लग्न करायचं. आपल्याकडे बहुतेक घरांना मुलीने लग्नाआधी जाणं पटत नाही, आणि तसंही नंतर ग्रीन कार्डचा अर्ज वेगळा, खर्च जास्त.

ज्यांना ह्याचा खरा उपयोग होतो ती म्हणजे समलिंगी जोडपी. भारतात त्यांचं लग्न कायद्याने होत नाही, सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये तो निर्णय संसदेवर सोडला. अमेरिकेत २०१३ पासून इमिग्रेशनसाठी अशा जोडप्यांना नवरा-बायकोइतकेच हक्क आहेत. म्हणजे एकतर के-१, नाहीतर जिथे कायदेशीर आहे अशा तिसऱ्या देशात लग्न करून आय-१३०. घरचे बरोबर नसतील तरी चालतं, त्यांची संमती कुठेही मागत नाहीत.

इंटरव्ह्यू कुठे आणि काय विचारतात?

भारतातले बहुतेक इमिग्रंट व्हिसाचे इंटरव्ह्यू मुंबईला, बीकेसीतल्या कॉन्सुलेटमध्ये होतात. मराठीत किंवा हिंदीत बोलता येतं, तुटक्या इंग्लिशमध्ये घाबरत उत्तरं देण्यापेक्षा सरळ मराठीत सांगा. कसे भेटलात, स्थळ कोणी आणलं, लग्नाला कोण कोण होतं, तो काय काम करतो, कुठे राहतो, आधीचं लग्न होतं का. ॲरेंज्ड मॅरेज आहे म्हणून कोणी संशय घेत नाही, त्यांना पद्धत माहितीय. फोटोत फक्त स्टेजवरचे दोघं नकोत, हळदीचे, पंगतीचे, दोन्हीकडची माणसं दिसणारे, नंतरच्या भेटींचे असे द्या.

कागद कमी पडला की २२१-जी म्हणून चिठ्ठी देतात. तो कायमचा नकार नाही, त्यात जे मागितलंय ते पाठवा.

स्पॉन्सरचा पगार किती लागतो?

आय-८६४ म्हणून हमीपत्र असतं, त्यात सरकारच्या गरिबी रेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवायचं. २०२५ च्या तक्त्याने दोघांच्या घराला साधारण २६,४३७ डॉलर, आणि तुम्ही नवरा-बायको, एक मूल, वर आई-बाबा अशा पाच जणांना साधारण ४७,०६२. कमी पडलं तर दुसरा कोणी सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला जॉइंट स्पॉन्सर होऊ शकतो, पण मित्राकडे सही मागताना त्याला नीट समजावून सांगा की ही हमी कायद्याने बांधणारी आहे. आलेला माणूस सिटिझन होईपर्यंत किंवा त्याची कामाची ४० क्वार्टर (तिमाह्या) भरेपर्यंत ती चालते आणि घटस्फोट झाला तरी सुटत नाही.

आईचा जन्मदाखलाच नाही. मग?

ज्यांचा जन्म १९७० च्या आधीचा, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा नसतो, कारण जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आणि लागू झाला १९७० मध्ये. आधी गावच्या जुन्या नोंदी बघा, तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना १४, विदर्भात ज्याला कोतवाल बुक म्हणतात, मोडी किंवा जुन्या वळणाच्या मराठीत असतं. सापडलं तरी त्यात मुलीचं नाव नसतं, नुसतं 'अमक्यास मुलगी' एवढंच. मग त्याला बाकीच्या कागदांची जोड द्यायची. नाहीच सापडलं तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडून नोंद उपलब्ध नसल्याचं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, आणि जन्माच्या वेळी असलेल्या दोन मोठ्या नातेवाईकांची प्रतिज्ञापत्रं. आत्या, मोठी मावशी ऐंशीच्या पुढे असतील तर हे काम पुढच्या दिवाळीवर टाकू नका.

आई आणि बाबा दोघांसाठी दोन वेगळे आय-१३० लागतात. आईसाठी तुमचा जन्मदाखला पुरतो, बाबांसाठी त्यांच्या लग्नाचा पुरावा पण लागतो, आणि १९७२ च्या लग्नाची नोंदणी केलेली नसते. आत्ता उशिरा करता येते, वॉर्ड ऑफिसात दोघांना घेऊन जा.

आई-बाबांना ग्रीन कार्ड करावं की टुरिस्ट व्हिसाच बरा?

आधी त्यांना विचारलंत का? खरंच विचारतेय, कारण निम्म्या घरांत हा निर्णय मुलं घेतात. ग्रीन कार्ड म्हणजे इथे कायमचं राहणं. सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिले की परत येताना प्रश्न सुरू होतात, वर्षापेक्षा जास्त राहिले तर त्या कार्डावर आत येता येत नाही. री-एंट्री परमिट दोन वर्षांपर्यंत मिळतं पण त्याचा अर्ज इथे असताना करावा लागतो. आणि टॅक्स! ग्रीन कार्ड झालं की बाबांची पेन्शन, एफडीचं व्याज, कोथरूडच्या फ्लॅटचं भाडं सगळं इथल्या रिटर्नमध्ये दाखवायचं, भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली की एफबार (परदेशातल्या खात्यांची माहिती द्यायचा फॉर्म) भरायचा. मेडिकेअर (म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) लगेच मिळत नाही, ६५ पूर्ण आणि इथे सलग पाच वर्षं राहिल्यावर विकत घेता येतं, तोपर्यंत विमा तुमच्या खिशातून.

ज्यांचं मन पुण्यात, नाशकात आहे, सकाळी फिरायला जायचा ग्रुप आहे, त्यांना दहा वर्षांचा टुरिस्ट व्हिसा जास्त सुखाचा असं मला वाटतं. एका वेळी बहुतेक सहा महिने मिळतात, आय-९४ वरची (आत शिरताना होणाऱ्या नोंदीवरची) तारीख बघा, व्हिसावरची नाही. आणि एकटी आई असेल, तिकडे बघणारं कोणी नसेल, तर ग्रीन कार्ड करा आणि लवकर करा. फक्त एकदा आय-१३० टाकला की टुरिस्ट व्हिसा मिळणं अवघड होतं, कारण फॉर्मवर विचारतात की तुमच्यासाठी कोणी इमिग्रंट अर्ज केलाय का, आणि त्याचं उत्तर खरं तेच द्यायचं.

भावासाठी अर्ज करू का? वीस वर्षं लागतात म्हणे.

खरंय. २०२५ मध्ये भारतातल्या भावंडांसाठी २००६ च्या अर्जांचा नंबर लागत होता. तरी करा, पण भावाला सांगून करा, कारण वरचा टुरिस्ट व्हिसाचा प्रश्न त्यालाही लागू आहे. त्याच्या बायकोला आणि २१ च्या आतल्या मुलांना त्याच्याबरोबर येता येतं. मुलांच्या वयात थोडी सूट आहे, आय-१३० मंजूर व्हायला जितका वेळ लागला तो वयातून वजा होतो. म्हणजे नंबर आला तेव्हा पुतण्या २४ चा आणि फाइल मंजुरीला ५ वर्षं लागली होती तर तो १९ चा धरतात, मात्र वर्षाच्या आत पुढचा अर्ज करायला हवा. त्याचं लग्न झालं असेल तर गेलं.

आई-बाबांकडे ग्रीन कार्ड आहे, माझा नंबर जवळ आलाय, आणि घरात माझ्या लग्नाचं बघतायत.

थांबवा. हे मी ज्याला त्याला सांगते. ग्रीन कार्डवाल्यांच्या लग्न झालेल्या मुलांसाठी कॅटेगरीच नाही, लग्न झालं की नऊ-नऊ वर्षं थांबलेली फाइल त्या दिवशी संपते. व्हिसा पासपोर्टमध्ये चिकटवून मिळाला आणि जायच्या आधी लग्न उरकलं तरीही. 'नोंदणी करू नका, नुसतं वैदिक पद्धतीने लावून टाकू' असं कोणी काका सुचवतातच, पण सप्तपदी झाली की लग्न झालं, नोंदणी असो नसो, आणि विचारल्यावर अविवाहित सांगितलं तर ते खोटं बोलणं, त्याने कायमची बंदी येऊ शकते.

दोन रस्ते आहेत. साखरपुडा करा, अविवाहित म्हणून इथे या, मग परत जाऊन लग्न करा आणि बायकोसाठी एफ-२ए टाका. किंवा आई-बाबांपैकी एक जण सिटिझन होईपर्यंत लग्न थांबवा, त्यानंतर लग्न झालं तरी फाइल आणि जुनी तारीख टिकते, फक्त रांग जास्त लांब होते. मुलीकडच्यांना हे दोन्ही पहिल्या बैठकीत सांगा.

नवरा म्हणतो, ऐकलं नाहीस तर व्हिसा रद्द करून परत पाठवीन.

पासपोर्ट आणि मूळ कागद स्वतःच्या ताब्यात घ्या, फोटो काढून बहिणीला पाठवा. नवरा सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला असेल आणि छळ करत असेल तर व्हावा (बायकांवरच्या हिंसाचाराविरुद्धचा अमेरिकन) कायद्याखाली तुम्ही स्वतःच्या नावाने ग्रीन कार्डसाठीचा आय-३६० अर्ज भरू शकता, त्याला कळवत नाहीत, आणि हे पुरुषांनाही लागू आहे. कंडिशनल कार्ड असेल तर आय-७५१ एकटीने भरता येतो. एच-४ वर असाल तरी छळ झालेल्या बायकांसाठी वर्क परमिटची वेगळी सोय आहे. न्यू जर्सीत मानवी, कॅलिफोर्नियात मैत्री ह्या दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करणाऱ्या संस्था आहेत, आणि देशभराची हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३, चोवीस तास, दुभाष्या मागता येतो. भारतातून राष्ट्रीय महिला आयोगाच्या एनआरआय सेलकडेही तक्रार करता येते. आईला सांगायला लाज वाटते म्हणून गप्प राहू नका.

एजंट म्हणतो ओळख आहे, लवकर करून देतो.

नाही होत. फॉर्म फुकट मिळतात, रांग कोणाला तोडता येत नाही. साधी केस असेल तर स्वतः भरा, आधीचा नकार, ओव्हरस्टे (मुदतीपेक्षा जास्त राहणं) किंवा पोलीस केस असेल तर इमिग्रेशन वकीलच गाठा.

फाइल टाकलीय, आता नुसतं थांबायचं ना?

थांबायचं, पण पत्ता आणि ईमेल बदलला की कळवत राहायचं. नंबर आल्यावर व्हिसा सेंटर निरोप पाठवतं आणि त्यानंतर वर्षभरात तुमच्याकडून काहीच हालचाल झाली नाही तर फाइल बंद होऊ शकते. २००६ साली दिलेला ईमेल आज कोण उघडतं? केस नंबर आणि मंजुरीचं पत्र घरातल्या दोघांकडे तरी असू द्या, आणि तारीख जवळ आली की महिन्यातून एकदा पोर्टलवर स्वतः जाऊन बघा.